बोलक्या डबीची साक्ष

"ताई, पळत या! बाबा पडलेत!"

घरकामाच्या सोनियाचा फोन आला तेव्हा मेघाच्या मोबाइलवर हिरवी खूण होती. आईनं सकाळची गोळी घेतली, घरी सगळं ठीक.

सिडकोतल्या घरी पुंडलिकराव फरशीवर पडले होते. सदरा घामानं चिंब, दातखीळ बसलेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, साखर पार तळाला गेली होती.

आता गंमत बघा. पुंडलिकरावांना मधुमेह नव्हताच! तो होता मेघाच्या आईला, गोजरबाईंना, आणि विसरही त्यांनाच पडलेला. म्हणून तर मेघानं बोलकी डबी आणली होती. वेळ झाली की डबी मेघाच्या आवाजात हाक मारी, एक गोळी पुढं करी. गोळी उचलेपर्यंत अशी बोंब ठोके की गोजरबाई कानांवर हात ठेवून रडत. उचलली की मेघाच्या मोबाइलवर हिरवी खूण येई.

घरी तपासाला आले गोजरबाईंचे धाकटे भाऊ, निवृत्त जमादार बुद्धभूषण. फर्दापूरला नुसत्या शिंकेवरून चोर धरल्याचं ते अजून सांगतात. दर वेळी शिंक मोठी होते.

"मामा, बाबांना कुणीतरी आईची गोळी चारतंय," मेघा म्हणाली. तिची नजर सोनियावर होती.

"डबीला हात लावलास?" मामांनी सोनियाला विचारलं.

"नाय मामा. किल्ली ताईंकडंच असती. आज गॅस संपला, भाकरीला उशीर झाला, एवढाच माझा गुन्हा."

"अक्काची साखर तपासली?"

"आभाळाला टेकलीय," मेघा म्हणाली. "मी बाबांना बजावलं होतं, डबीनं जमलं नाही तर आईला वृद्धांच्या देखभाल केंद्रात ठेवीन. आता उद्याच नेते."

सोनियानं गोजरबाईंना चहा दिला. त्यांनी कप रिकाम्या खुर्चीपुढं सरकवला आणि दाराकडं बघत बसल्या. चहावर साय धरली.

"सकाळपासून असंच. अन्नाला शिवल्या नायत."

मामा ताडकन उठले. "चला दवाखान्यात. गुन्हेगार तिथं खाटेवर झोपलाय!"

पुंडलिकरावांनी डोळे उघडले ते विचारतच, "ती जेवली का?"

"कशी जेवंल, दाजी? तुम्ही कुठं जेवलात?"

पुंडलिकरावांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"मेघा," मामा म्हणाले, "तुझी आई लग्नापासून यांच्या आधी घास घेत नाही. माणसं विसरली, रस्ते विसरली, हे नाही विसरली. डबीनं गोळी दिली की ती यांच्यापुढं धरते, 'आधी तुम्ही.' हे गिळतात. मग तिला दुसरी गोळी कुठंय? डबीला उचललेली कळते, कुणाच्या तोंडात गेली ते नाही. रोज वर भाकरी पडायची म्हणून निभावलं. आज पोट रिकामं राहिलं."

"बाबा, खिशात टाकायची की!"

"तोंड उघडायला लावती. जिभंखाली बघती. नाय म्हटलं तर रडती. अन् तुला सांगावं, तर तू तिला नेशील. लई भ्या वाटलं, पोरी."

मेघानं आधी सोनियाचा हात धरला, मग बापाचा.

केंद्राचं नाव पुन्हा निघालं नाही. डबीत फक्त आवाज बदलला. आता वेळ झाली की तिच्यातून पुंडलिकराव बोलतात, "गोजर, माझं झालं. आता तू."

समोर बसलेले खरे पुंडलिकराव आ करून दाखवतात. गोजरबाई जिभेखाली नीट बघतात, आणि मग गोळी स्वतःच्या तोंडात टाकतात.