घरजावई दिवा

दिव्याने सांगितलं, गाडी ठणठणीत आहे. आणि नेमकी त्याचीच ताईला भीती वाटली.

दरीच्या कठड्यावरून ओढून आणलेली ती जुनी गाडी धाकट्या बहिणीच्या सासरच्या दारात उभी होती. धाकटी थोडक्यात वाचली. आज तिला दवाखान्यातून घरी सोडणार होते. पण उतारावर इंजिन बंद पडलं की कुणी पाडलं, हे कळल्याशिवाय बहिणीला या घरात धाडायची ताईची छाती होईना. मोटारींचं वायरिंग हा ताईचा धंदाच. तपासणीच्या खाचेत वायर अडकवली की इंजिनाचा कॉम्प्युटर डॅशबोर्डवरचा दिवा मिचकावून साठलेले बिघाड सांगतो. आज त्याने एकही सांगितला नाही.

"भाऊजी, हा दिवा तर कायम पेटलेला असायचा ना?"

"हो. आम्ही त्याला घरजावई म्हणायचो. जायचं नावच घेत नव्हता."

"बॅटरी काढल्याशिवाय तो असा विझत नाही. कुणी काढली?"

"मी दवाखान्यातून हललोच नाही. किल्ली याच्याकडे होती." भाऊजींनी धाकट्या भावाकडे बोट दाखवलं.

"मी गाडीला हातसुद्धा लावला नाही," धाकटीचा दीर म्हणाला.

दोघांपैकी एक खोटं बोलत होता आणि दोघेही हातभर अंतरावर होते. तिने कॉम्प्युटर तपासणीच्या दुसऱ्या तऱ्हेवर टाकला. यात दिवा मागचं नाही, आत्ताचं सांगतो. इंजिन चालू ठेवून ती एकेक वायर हलवत गेली. एका वायरीला बोट लागताच इंजिन गचकलं, दिवा लुकलुकला.

नव्या चिकटपट्टीखाली वायर अर्धी कापलेली होती.

"ही हादऱ्याने तुटावी म्हणून अर्धीच कापलीय," ताई म्हणाली. "तुटल्याची नोंद कॉम्प्युटरच्या आठवणीत राहणार. म्हणून अपघातानंतर बॅटरी काढून सगळी आठवण पुसली. त्यात बिचारा घरजावईही गेला. भाऊजी दवाखान्यात होते, हे मी नर्सला विचारून आलेय. बॉनेटचं कुलूप उघडणारी किल्ली तुमच्याकडे. माझ्या बहिणीने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. "वहिनीला मी कशाला मारू? गाडी रोज दादा नेतो! त्या दिवशी ती नेईल हे मला काय माहीत!"

भाऊजी मटकन खाली बसले.

"तुला दुकानातून काढलं, म्हणून?" त्यांनी विचारलं. "हो," धाकटा भाऊ मान खाली घालून म्हणाला.

ताईने पोलिसांना फोन लावला.

"ताई, आज तिला तुमच्याकडेच न्या," भाऊजी कसंबसं म्हणाले.

सकाळपासून ज्यांची तिला धास्ती वाटत होती, त्यांना ताईने हात धरून उठवलं.

"तुम्हीही चला," ती म्हणाली.