खाली घ्या

मंगळवार हा निवेदिताचा केदारखेड्याचा वार. जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागायचं, पुलाच्या अलीकडे स्कूटर डावीकडे वळवायची आणि मिरचीच्या वावरांमधून धनगरवस्तीवर पोचायचं. डिकीत ड्रेसिंगचं सामान, मॉर्फिनच्या गोळ्यांची मोजून भरलेली डबी आणि सह्यांची वही. जे रोगी आता बरे होणार नाहीत, त्यांना घरी जाऊन निदान दुखू नये एवढं बघायचं, हे तिचं काम. नर्स म्हणून नऊ वर्षं ती ते करत होती. या कामात तिला देव फारसा कुठे आडवा आला नव्हता, आडवे यायचे ते नातेवाईक.

वस्तीवरच्या जयवंताबाईंचा कॅन्सर हाडांत उतरला होता. मुलगा राधाकिसन मेंढ्या सांभाळून थोडी शेती करायचा, सून रेणू सासूचं सगळं बघायची. बाई बोलायच्या थांबल्या होत्या, पण त्यांचा उजवा हात थांबला नव्हता. चिमटीत नसलेली लोकर धरायची आणि मांडीवर वळायची. घोंगड्यांचं सूत वळण्यात जन्म गेलेला, त्यामुळे हाताला दुसरं काही येत नव्हतं. वळून वळून उजव्या मांडीवर रुपयाएवढा लाल चट्टा पडला होता.

दुखणं किती आहे हे निवेदिताला वहीत आकड्यात लिहावं लागे. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. पहिल्याच दिवशी राधाकिसन म्हणाला होता, "ताई, आईला आकडे येत न्हाईत. मेंढ्या मोजता येतात."

मग निवेदिता विचारायची, "आजी, दहातल्या किती मेंढ्या आज?" आणि जयवंताबाई डाव्या हाताची बोटं उघडून दाखवायच्या. गोळ्या वाढवूनही त्या मंगळवारी त्यांनी आधी पाच बोटं दाखवली, मग तीन. आठ.

मार्चमधली दुपार होती. पत्र्याखाली उकडत होतं, दारात वाळत टाकलेल्या मिरच्यांनी घसा खवखवत होता. निवेदिताने ड्रेसिंगसाठी बाईंना कुशीवर वळवायला हात घातला आणि बाज एका अंगाला कलंडली. एक पाय पार सैल झाला होता.

"राधाकिसनभाऊ, ही बाज कधीही मोडेल," ती म्हणाली. "आजींना खाली घ्या."

रेणू सुपात धान्य पाखडत होती, ती थांबली. राधाकिसन उंबऱ्यातून आत आला.

"काय म्हणल्या ताई?"

"खाली घ्या म्हटलं. आत्ता, पडायच्या आधी."

"रेणू, ऐकलं न?" तो हळूच म्हणाला.

पुढचं सगळं फार भरभर झालं. भिंतीशी घडी घालून ठेवलेलं काळं घोंगडं अंथरलं गेलं. ज्या कोपऱ्यात अंथरलं, तिथली जमीन नुकतीच सारवलेली होती, अजून ओल होती. बाईंना त्यावर निजवलं. रेणूने तुळशीचं पान बुडवून पाणी ओठांना लावलं. निवेदिताने रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळला आणि तो फुगवेपर्यंत मांडीवरची चिमटी थांबलेली होती. जयवंताबाई गेल्या.

जाणाऱ्याला जमिनीवर घेतात हे निवेदिताला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. स्वतःच्या आजीला असं घेतलेलं तिने पाहिलं होतं. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे फक्त मोडकी बाज होती, आणि माणूस कामात असला की शब्दांकडे कोण बघतं? तिने वेळ लिहिली, सही घेतली. राधाकिसनने तिचे पाय धरले तेव्हा मात्र ती अवघडली. असे पाय तिचे आजवर कुणी धरले नव्हते.

घरी जालन्यात तिचे बाबा होते. केशवराव, निवृत्त संस्कृत शिक्षक. चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही. पुढच्या खोलीत भाड्याने आणलेला लोखंडी पलंग होता, नाकात अन्नाची नळी होती. नळी निवेदितानेच घातली होती, आणि हीच गोष्ट तिला रात्रंदिवस खात होती.

झटक्याच्या वर्षभर आधी शेजारच्या जैन आजींनी संथारा घेतला होता. बाबा जाऊन त्यांच्यासमोर हात जोडून आले आणि जेवताना म्हणाले, "आपल्याकडेही प्रायोपवेशन होतंच की. अन्न सोडायचं आणि शहाण्यासारखं निघायचं. माझी वेळ आली तर मला नळी लावू नकोस, निवू." ती हो म्हणाली होती. ताटावर बसून हो म्हणायला काय जातं? प्रत्यक्षात वेळ आली तेव्हा बाबांना घास गिळता येईना, आणि नर्सचा हात होता तो, आपोआप नळीकडे गेला. डॉक्टर म्हणाले, त्यांनी शुद्धीत असताना कागद करून ठेवला असता तर गोष्ट वेगळी होती, आणि तरीही डॉक्टरांच्या दोन मंडळांपुढे जावं लागलं असतं. घनसावंगीचे कीर्तनकार काका येऊन गेले. त्यांचं म्हणणं, भोग भोगूनच सरतो, मध्ये हात घालणारे आपण कोण? सगळ्यांचं सगळं बरोबर होतं. बाबा तेवढे पलंगावर होते.

त्यांचा डावा हात चालायचा. त्या हाताच्या तर्जनीने ते चादरीवर लिहायचे. एकच शब्द, शाळेतल्या फळ्यावर लिहावा तसा ठळक, शिरोरेघेसकट. पुरे. निवेदिता चादर नीट करायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन रडून यायची.

जयवंताबाई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी ती बाबांचं अंग पुसत होती. उजवा हात उचलला, तर तो तिच्या हातातून सुटला आणि मांडीवर जाऊन पडला. चौदा महिने लाकूड झालेला हात. अंगठा आणि तर्जनी जुळली आणि मांडीवर काहीतरी वळू लागली.

मेलेल्या स्नायूंना कधीकधी अशी हालचाल येते. तिने पुस्तकात वाचलं होतं, एकदोघांत पाहिलंही होतं. तिने वहीत तसं लिहिलं.

हात थांबला नाही. आठवडाभरात बाबांच्या उजव्या मांडीवर रुपयाएवढा लाल चट्टा उठला. नखं कापताना अंगठ्याच्या नखाखालून तिने काळा केस काढला. उजेडात धरला तर तो केस नव्हता, कुरळी, तेलकट लोकर होती. खोलीला मेंढवाड्याचा वास येऊ लागला. तिने दोनदा फिनेलने फरशी पुसली.

मग तिने रोजच्यासारखं विचारलं, "बाबा, दहापैकी किती?"

गेले दोन महिने ते बोटांनी सात सांगत होते. त्यांनी डावा पंजा उघडला, मिटला. उघडला, मिटला. निवेदिताला वाटलं दहा. त्यांनी पंजा तिसऱ्यांदा उघडला आणि तिच्याकडे बघत राहिले. सात आणि आठ पंधरा होतात हे तिला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं ते स्वयंपाकघरात, भाताचं पाणी मोजताना, आणि हातातलं भांडं तिने तसंच खाली ठेवलं.

रोगी गेला की उरलेलं मॉर्फिन मोजून परत आणावं लागतं, असा त्यांच्याकडचा नियम. दहावा झाल्यावर ती वस्तीवर गेली. राधाकिसनने डबी आणायला भिंतीतल्या देवळीत हात घातला तेव्हा डबीशेजारी एक लाकडी खुंटी दिसली. बाजेच्या पायात ठोकतात तशी, धडधाकट, कुठे चीर नाही.

"ही त्याच बाजेची?" निवेदिताने विचारलं.

त्याने डबी तिच्यापुढे ठेवली. "म्याच काढली व्हती ताई. नऊ मंगळवार तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यलो व्हतो. दर मंगळवारी जमीन सारवून ठुयायचो."

"कशासाठी?"

"खाली घ्या, असं रक्ताच्या माणसानं म्हणायचं नसतं. बाहेरच्यानं म्हणावं लागतं. अन् त्याला ठाऊक नसावं. आई लई तळमळून राह्यली व्हती ताई. मला बघवत न्हवतं."

त्याचे डोळे भरले होते. निवेदिताला राग यायला हवा होता, पण त्याच्या आवाजात तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"आणि ठाऊक का नसावं?"

"भोग मोजून मिळतो. मधीच सोडवला तर उरलेला जाईल कुठं? आता तुम्ही उरलेल्या गोळ्या न्यायला आल्या न? बराबर तसंच. कोणीतरी न्यावंच लागतं."

"म्हणजे मी नेला."

"तुम्हाला काहीच व्हायचं न्हाई. म्हणणाराला लागत न्हाई ते. त्याच्या घरात जे सगळ्यात दुबळं असंल..." तो थांबला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने हळूच विचारलं, "ताई, तुमच्या घरी कोणी पडून हाये का?"

निवेदिताने गोळ्या मोजल्या. बावीस. तिने सही केली, त्याची घेतली आणि निघाली. मागून तो म्हणत होता, इमानानं सांगतो, मला ठाऊक न्हवतं.

तिचा यावर विश्वास नव्हता. मुळीच नव्हता. मग विश्वासच नसेल तर एखादा स्क्रू सैल करायला हरकत कसली, असं तिने मनाशी म्हटलं, आणि हे म्हणताना आपण स्वतःला फसवतो आहोत हेही तिला स्वच्छ कळत होतं. आपल्या हाताने घातलेली नळी आपल्या हाताने ओढून काढायची तिची छाती नव्हती. पंधरा बोटं रोज बघायचीही नव्हती.

बाबांचे हातपाय हलवून व्यायाम करून घ्यायला सोमवारी चार वाजता मोनाली यायची. नवी फिजिओथेरपिस्ट, हसरी, गेल्याच वर्षी लग्न झालेली. तिला चहा देताना निवेदिताने सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरी कोण कोण असतं गं तुझ्या?"

"मी आणि हे, दोघंच. सासूसासरे वाटूरला. तेही एकदम ठणठणीत, दिवसभर शेतात असतात."

"आजारी वगैरे कुणी?"

"कुणीच नाही ताई. का हो?"

"काही नाही. सहज."

सगळी धडधाकट माणसं. उरलेला भोग वाटला गेला तर थोडाथोडा वाटला जाईल, निभावतील, असा तिने हिशेब केला. हा हिशेब तिला पुढे कधीच माफ करता आला नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी तिने पाना घेतला आणि पलंगाच्या डोक्याकडच्या चाकाचा नट तीन आटे सैल केला. कोपऱ्यातली फरशी पुसून घेतली. स्वच्छ चादर घडी घालून भिंतीशी ठेवली. बाबा बघत होते. उजवा हात वळत होता. डावा हात लिहायचा थांबला होता.

चारला बेल वाजली.

मोनालीने बाबांचा खांदा धरला. पलंग कलंडला.

"अगंबाई, ताई, हे चाक निघालंय."

निवेदिता दारात उभी होती.

"पडतील ते. ताई, काय बघताय? काकांना आधी खाली घ्या."

दोघींनी मिळून त्यांना चादरीवर घेतलं. बाबांचं अंग लहान मुलासारखं हलकं झालं होतं. त्यांनी निवेदिताकडे पाहिलं, तिच्या मनगटाला डाव्या हाताने हलकेच थोपटलं. ती खाली बसली आणि म्हणाली, "जा बाबा." उजवी चिमटी उघडली.

खोलीतला वास गेला होता.

मोनाली रडली. निवेदिताला त्या दिवशी रडू आलं नाही, मोकळं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती पोटभर जेवली. त्यानंतर ती मधूनमधून मोनालीला फोन करायची. कशी आहेस, तुझे हे कसे आहेत, वाटूरला सगळे बरे ना? सगळे बरे होते. सासऱ्यांचं साधं डोकंही दुखत नव्हतं. जून उलटेपर्यंत निवेदिताने फोन करणं सोडून दिलं होतं.

जुलैच्या शेवटी एका दुपारी मोनाली स्वतःच पेढे घेऊन आली. चेहरा भरला होता, पदर पुढे घेतलेला.

"पाचवा लागला ताई. काकांच्या वेळी मी इथे आले होते ना, तेव्हाच राहिलेलं होतं. मला मेलीला पत्ताच नव्हता."

निवेदिताने तिला बसायला सांगितलं. पाण्याचा ग्लास समोर ठेवला. ग्लासातलं थोडं पाणी टेबलावर सांडलं.

"आज सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल आहे म्हणाले. पण बाळ इतकं चळवळं, डॉक्टरांना मापंच घेऊ देईना. म्हणाले, एवढ्या वर्षांत असं पाहिलं नाही. दोन्ही हात सारखे चालू. एक क्षण थांबत नाही."

"कसे?" निवेदिताने विचारलं.

मोनालीने हसत उजव्या हाताची चिमटी मांडीवर ठेवली आणि वळून दाखवली. "एका हाताने असं. आणि दुसऱ्याने असं, हे बघा." तिने डाव्या हाताचं बोट टेबलावरच्या ओलीत बुडवलं आणि मोठ्या कौतुकाने, पडद्यावर पाहिलं होतं तसंच्या तसं, फिरवत गेली.

ती निवेदिताकडे बघत होती, टेबलाकडे नव्हती. लाकडावर आधी प उमटला, मग त्याच्या खालचा उकार. वर शिरोरेघ ओढून बोट पुढच्या अक्षराकडे वळलं.