खामपून आजीचे हात

डॉक्टर वीरापोंग भल्या सकाळी बाजारात गेले ते डुकराचा मेंदू घ्यायला. कण्यातला मज्जारज्जू अखंड मिळाला तर तोही त्यांना हवा होता.

"आचार्य, तुम्ही स्वतः आलात?" मटणवाली नोई मावशी म्हणाली. "सूप करायचंय वाटतं. मिरी सढळ हातानं घाला, उग्रपणा मरतो."

"ताजा आहे ना? तेवढंच सांगा."

"पहाटेचं जनावर आहे. कालपर्यंत माझ्यापेक्षा हुशार होतं!"

डॉक्टर हसले नाहीत. मटणवालीच्या विनोदाला हसणं त्यांच्या मोठेपणाला शोभलं नसतं. पिशवी दोन बोटांत धरून ते गाडीत बसले.

थायलंडच्या ईशान्येकडच्या त्या शहरात मेंदूचा आणि मणक्याचा त्यांच्या तोडीचा सर्जन नव्हता, यात वाद नाही. निदान त्यांच्या स्वतःच्या मनात तरी नव्हता. सकाळी शस्त्रक्रिया करायच्या, दुपारी मेडिकल कॉलेजात शिकवायचं आणि उरलेल्या वेळात जग किती मूर्ख आहे ते बघत बसायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. विद्यार्थी मूर्ख, डीन महामूर्ख, आणि सगळ्यांवर ताण करणारा तो कॉलेजचा रिवाज. देहदान केलेल्या मृतांना तिथे 'थोरले आचार्य' म्हणत. मुलं त्यांना मोगऱ्याच्या माळा वाहत, हात जोडून परवानगी मागत आणि मगच सुरी लावत. वर्ष संपलं की कापलेला कण न् कण गोळा करून, खांदा देऊन, देवळात नेऊन जाळत. डॉक्टरांनी त्या टेबलांसमोर कधी हात जोडले नव्हते.

"ज्याला स्वतःचं नाक खाजवता येत नाही तो कसला आचार्य?" ते वर्गात विचारत. मग तबकातला मेंदू उचलून दाखवत. "हा साहेब. मज्जारज्जू म्हणजे त्याचा हेडक्लार्क. आणि हे मज्जातंतू निरोपे. एकानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. साहेब म्हणाला उचल, की क्षणात तिकडे बोट उचललं जातं. साहेब मेला की कचेरी बंद. मग तुम्ही नमस्कार कोणाला घालता? खुर्चीला?"

एकदा कोणीतरी धीर करून विचारलं, "सर, हात तुटलेल्या माणसाला तो नसलेला हात दुखतो, त्याचं काय?"

"निरोप्या गेला हे साहेबाला कोणी कळवलेलं नसतं. तो आपला हुकूम सोडत बसतो. साहेबलोक असेच असतात."

त्या वर्षी डॉक्टरांच्या टेबलावर खामपून आजी होती. खेड्यातली म्हातारी, आयुष्यभर लोकांचे ख्वान परत बोलावत आलेली. तिकडचे लोक मानतात की माणसाच्या प्रत्येक अवयवात एकेक ख्वान, म्हणजे छोटासा जीव, वस्तीला असतो. माणूस घाबरला किंवा आजारी पडला की तो भटकायला निघतो. मग जाणती बाई पांढरा दोरा तळहातांत वळते, हाका मारून त्याला बोलावते आणि मनगटावर गाठ मारून बांधून टाकते. डॉक्टरांना हे ऐकूनच हसू फुटलं होतं. पण आजीचे मज्जातंतू असे काही निघाले की त्यांचं हसू थांबलं. जाड, सलग, कुठे झिजले नव्हते की तुटले नव्हते. मुळासकट कोथिंबिरीची जुडी उपटावी तसा त्यांनी मेंदू, मज्जारज्जू आणि बोटांच्या टोकापर्यंतचे तंतू अख्खेच्या अख्खे सोडवून काढले. या कामाला कित्येक महिने लागले. आता ते सगळं त्यांच्या खोलीमागच्या संग्रहालयात, पुरुषभर उंचीच्या काचेच्या बरणीत उभं होतं. असा नमुना देशात दुसरा नव्हता, आणि तो त्यांना सोडायचा नव्हता.

घोडं अडलं ते आजीची नात दुआंगता दारात येऊन बसल्यावर.

"आचार्य, उद्या आजीला अग्नी द्यायचा. मुलं म्हणाली, तिचा मेंदू न् कण्यातलं सगळं तुमच्याकडे आहे. तेवढं द्या."

"बाई, ते शिक्षणासाठी आहे."

"आजीनं देह वर्षासाठी दिला होता. कायमचा नाही." ती शांतपणे म्हणाली. "अर्धं जाळलं तर तिचे हात आगीत जातील न् हुकूम करणारी इथंच राहील. मग ती हात शोधत फिरेल..."

"चांगलं आहे. व्यायाम होईल."

दुआंगता दारातून हलली नाही. तिच्यामागे डीनसाहेब हात चोळत उभे होते, देऊन टाका म्हणून खुणावत होते. डॉक्टर म्हणाले, "बरं. उद्या सकाळी बांधून देतो."

म्हणून ते बाजारात गेले होते. नोई मावशीची पिशवी त्यांनी पांढऱ्या कापडात नीट गुंडाळली, वर मोगऱ्याची माळ घातली आणि दुआंगताच्या हातात दिली. तिने ते गाठोडं कपाळाला लावलं. देवळाच्या आवारात भिक्खूंनी मंत्र म्हटले, मुलं रडली, धूर वर गेला. डॉक्टर सावलीत उभे होते. एवढ्या थाटात स्वर्गात जाणारं हे पहिलंच डुक्कर, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना फार बरं वाटलं. माणूस इतका हलकट असू शकतो आणि त्याच हातांनी लोकांचे प्राणही वाचवू शकतो, हे कसं जमतं ते देवालाच ठाऊक.

प्राण वाचवायचा होता तो फिमचा. शाळकरी पोर, मानेतल्या मज्जारज्जूत गाठ. पेन्सिल हातातून सुटायला लागली होती. गाठ काढली नाही तर हातपाय जाणार. काढताना केसभर चूक झाली तरी जाणार.

"डॉक्टरकाका, मला परत चित्रं काढता येतील?" तिने विचारलं होतं.

"माझ्याकडे आलीस ना? मग येतील."

दुसऱ्या दिवशी फिम टेबलावर पालथी होती. मान उघडलेली. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघत होते. शेजारचं यंत्र मुलीच्या तंतूंमधून जाणारे निरोप ऐकून संथ लयीत टिकटिकत होतं. सगळं नेहमीचं होतं. फक्त एक वास येत होता. औषधी पाण्यात मुरलेल्या मांसाचा, त्यात मोगऱ्याचा.

"सिस्टर, इथे फुलं कोणी आणली?"

"फुलं? नाही आचार्य..." सिस्टर मालिवन म्हणाली.

डॉक्टरांनी उजवा हात पुढे न्यायचं ठरवलं. पण हात आधीच पुढे गेला होता.

आधी त्यांना तो भास वाटला. त्यांनी मनात म्हटलं, थांब. हात थांबला नाही. डाव्याला म्हटलं, मागे ये. डावाही आला नाही. भिंगाखाली दोन्ही हात त्यांच्या डोळ्यांदेखत काम करत होते, हळू, मऊ, एखाद्या म्हातारीने पोराच्या केसांतला गुंता सोडवावा तसे. गाठ मज्जारज्जूपासून सुटत होती. डॉक्टरांना स्वतःला ती इतकी सुरेख कधीच सोडवता आली नसती, आणि हे त्यांना कळत होतं. घाम कानामागून ओघळला. ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगणार काय? माझे हात माझे नाहीत?

गाठ निघाली. मालिवनने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात हातांनी तबकातला रेशमी टाक्याचा दोरा उचलला, दोन तळव्यांत धरला आणि वळायला सुरुवात केली. मग ते हात हिरव्या चादरीखाली शिरले आणि त्यांनी मुलीचं मनगट शोधून त्यावर दोरा बांधला.

"आचार्य..." मालिवनने चादर उचलून पाहिलं. "तुम्ही... ख्वान बांधलात?"

त्या क्षणी खरं बोलले असते तर कदाचित निभावलं असतं. पण त्यांच्या तोंडात अजून त्यांचीच जीभ होती.

"पोरीच्या आईबापाला बरं वाटतं म्हणून," ते म्हणाले. "तुम्ही तुमचं काम करा."

जखम शिवून झाली आणि हात परत त्यांचे झाले. बाहेर आईबाप पाया पडले. डॉक्टरांनी त्यांना पडू दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वॉर्डात गेले. फिम उशीला टेकून बसली होती. आई तिला चिकट भाताचे छोटे गोळे भरवत होती. पाय हलत होते, मान वळत होती. मागे दोन शिकाऊ डॉक्टर वह्या सरसावून उभे. डॉक्टर खुशीत होते.

"बाळ, मूठ मिट बघू."

फिमने हाताकडे पाहिलं. हात चादरीवर तसाच पडला होता.

"मिटली की," ती म्हणाली.

"मिटलेली नाही. जोर लाव."

"लावतेय की, काका. घट्ट मिटलीय. मला कळतंय ना."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुठी मिटल्या होत्या. इतक्या घट्ट की नखं तळव्यात रुतत होती.

त्यांनी मनात म्हटलं, उघड. काहीच झालं नाही. पुन्हा म्हटलं, सगळा जोर लावून. निरोप कुठेतरी जात होता, पण हातांकडे नाही. मागच्या पोरांना कळू नये म्हणून ते खाटेला खेटून उभे राहिले, आणि ज्या माणसाने जन्मात कोणाला विनंती केली नव्हती तो बारीक आवाजात म्हणाला, "सोड, बाळ... मूठ सोड..."

"सोडली," फिम म्हणाली. त्यांची बोटं सुटली.

तेव्हा चादरीवरचे फिमचे हात उठले. फिम त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू मांडीवर दुसऱ्याचं मांजर येऊन बसलंय. हातांनी चादरीचा सुटलेला धागा ओढून काढला, तळव्यांत धरला आणि हळूहळू वळायला घेतला.

निदान करायला त्यांना क्षणही लागला नाही. आचार्य होते ना. म्हातारीच्या साहेबाला हात हवे होते, त्याने पोरीचे घेतले. पोरीचे हुकूम उघड्यावर पडले, ते यांच्या हातांत येऊन राहिले. आणि यांचे हुकूम? ते कुठे जातात हे त्यांच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

त्यांनी पोरांना हाकललं आणि दुआंगताला बोलावून घेतलं. ती आली. फिमच्या हातांतला तो धागा तिने दारातूनच पाहिला आणि तिथेच गुडघे टेकले. मग गुडघ्यांवर सरकत खाटेपाशी गेली आणि मनगट पुढे केलं. लहानग्या बोटांनी दोन वेढे दिले, गाठ मारली आणि अंगठ्याने ती चेपली.

"आजी अशीच चेपायची," दुआंगता म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "आम्ही काय जाळलं, आचार्य?"

"डुकराचा..."

ती ओरडली नाही. त्यांच्याकडे तिने बघितलं ते मात्र पायताणाला लागलेल्या घाणीकडे बघावं तसं. आपण आयुष्यभर लोकांकडे कसं बघत आलो, ते त्यांना पहिल्यांदाच समोरून दिसलं.

"बरणी आत्ता देतो. आजच जाळू. देवळात निरोप पाठव, मी सगळ्यांसमोर हात जो..." ते अडखळले. जोडायला हात कुठे होते?

"आणि आजी आता ज्या हातांत आहे ते?" दुआंगताने विचारलं. "ती गेली तर एकटी जाईल, की हात घेऊन जाईल? तुम्ही शिकलेले आहात. सांगा."

फिमची आई एकदा दुआंगताकडे, एकदा डॉक्टरांकडे बघत होती. तिला काही समजलं नव्हतं. आपल्या पोरीवर काहीतरी बेतलंय एवढंच तिला कळलं आणि ती रडायला लागली.

"काका, दमले मी," फिम म्हणाली. "झोपू?"

"झोप," डॉक्टर म्हणाले. दुसरं म्हणणार काय?

बाहेर ऊन रणरणत होतं. पंखा कुरकुरत होता. फिमचे डोळे मिटले, चेहरा सैल झाला, आणि खाटेशेजारी स्टुलावर बसलेल्या डॉक्टरांचे हातही मांडीवर सैल पडले. बराच वेळ तसेच होते. मग फिमच्या पापण्यांखाली बुबुळं हलायला लागली. तिला स्वप्न पडत होतं.

डॉक्टरांची बोटं थरथरली. हात मांडीवरून उठले. आधी काहीतरी चाचपल्यासारखे पुढे गेले आणि दचकून मागे आले. मग पुन्हा पुढे, तळवे उघडे, कोपरं ताठ. समोरच्या रिकाम्या हवेत ते हात कोणाला तरी ढकलत होते.

"काय करताय, आचार्य?" दुआंगताने कुजबुजत विचारलं.

"मी नाही..." डॉक्टर म्हणाले. "तिला उठवा. कोणीतरी तिला उठवा..."

आई पोरीला गदागदा हलवत होती. पोर उठत नव्हती. आणि डॉक्टरांना आपल्या तळव्यांवर, हवेत, औषधी पाण्याच्या आणि मोगऱ्याच्या त्या वासाचं काहीतरी गार, ओलं टेकलेलं स्पष्ट लागत होतं. ते मागे हटत नव्हतं. हात जीव खाऊन ढकलत होते, आणि कोपरं हळूहळू वाकत चालली होती.