अर्ध्या बोटाचं कुंकू

शहापुरातल्या त्या साडीच्या दुकानात एक पद्धत होती. लग्नाच्या बस्त्याचा चेक आला, की मालकीण गुणाबाई त्याच्या कोपऱ्यावर अनामिकेनं कुंकू टेकवायच्या. लहानपणी हातमागात त्या बोटाचं टोक गेलेलं, म्हणून ठसा अर्धाच उमटायचा.

त्या वारल्यावर दोन वर्षांनी सून स्वरूपानं काउंटरवर चेक स्कॅन करायचं यंत्र बसवलं. आता कागद बँकेत न्यायला नको, नुसतं चित्र जातं. पहिल्याच बस्त्याला तिनं सवयीनं कुंकू लावलं आणि चेक परत आला. डाग चालत नाही म्हणे. स्वरूपानं करंडा कपाटात कुलूपबंद केला.

पुढच्या बस्त्याचा चेक स्वच्छ होता. पडद्यावर मात्र कोपऱ्यात लाल ठसा. अर्धाच. तिनं यंत्राची काच पुसली, कागद उजेडात धरला. कुठं काही नाही. बँकेनंही चेक बिनतक्रार वटवला. मग दर बस्त्याला तसंच. एरवीच्या साड्यांना काही नसे. स्वरूपाला आधी धडकी भरली, पुढं सवय झाली. बस्ता असला की ती पेढेच आणून ठेवू लागली.

एका दुपारी तिची लेक आरोही शाळेतून थेट दुकानात आली. अनगोळला शिकवायची ती. वर्षभरात चार स्थळं नाकारलेली, कारण सांगत नव्हती.

"टिकली तर लाव गं. कपाळ बघ, कोऱ्या पाटीगत," स्वरूपा म्हणाली.

आरोहीनं जांभळी रेशमी साडी काढली. मैत्रिणीसाठी, म्हणाली. दुकानची साडी घरच्यांनीही फुकट न्यायची नाही, हा गुणाबाईंचाच नियम. तिनं चेक लिहून दिला. यंत्रानं तो सर्रकन आत ओढला.

पडद्यावर लाल ठसा.

"कोण हाय गं त्यो?" स्वरूपानं विचारलं.

आरोहीचा हात पर्सवरच थांबला. "वडगावचा नागेंद्र. घरात कन्नड बोलत्यात. तू न्हाय म्हणशील म्हणून..."

स्वरूपा पडद्याकडं बघत राहिली. मग हसू तिच्या चेहऱ्यावर मावेना. "मी कोण न्हाय म्हणणार? तुझ्या आज्जीनं व्हय म्हटलंय. मास्तरीण हायस, शिकव की त्याला मराठी."

"आज्जीनं?"

पडदा लेकीकडं फिरवून स्वरूपानं मान वर केली.

आरोहीच्या कपाळावर कुंकू होतं.

ओलं. अर्धंच.