कोवळ्या सालीवरचं घर

जुलैत मेंढ्या डोंगरावर चढल्या की मिरेनची शनिवारची फेरी ठरलेली. ट्रकच्या मागे पाव, तिखट सॉसेज, लाल दारूची बुधली. पुढे शेजारी तिची छोटी लेक नेकाने, काचेला नाक लावून. खाली अमेरिकेतल्या आयडाहोचं तापलेलं पठार आणि पाटाच्या पाण्यावरची बटाट्याची शेतं, मग बंद पडलेल्या चांदीच्या खाणींचं गाव, आणि रस्ता संपला की पांढऱ्या सालीच्या अस्पेन झाडांचं बन.

ते बन म्हणजे युरोपातून आलेल्या बास्क मेंढपाळांची लिहायची पाटी. उन्हाळाभर एकट्या पडलेल्या माणसानं करायचं काय? खिळ्याच्या टोकानं सालीवर ओरखडा काढायचा, केसासारखा बारीक. त्या वर्षी काहीच दिसत नाही. पुढे झाड जाड होतं, ओरखडा फुगतो, काळा पडतो. कोरणारा मायदेशी निघून गेल्यावर झाड त्याचं नाव दाखवतं.

"खोल कोरलं की झाड मरतं," म्हातारा मेंढपाळ गानिश सांगायचा. "बायकोशी बोलावं तसं कोरावं, पोरी. हलक्या हातानं."

"तुम्हाला काय माहीत, काका? तुम्ही तर मेंढ्यांशीच संसार केलात."

"म्हणून तर घरात भांडण नाही!"

मिरेनचा भाऊ चोमिन याच बनात वारला होता, ती समुद्र ओलांडून इथं यायच्या आधीच्या ऑक्टोबरात. तापानं, असं पेयोनं कळवलं होतं. पेयो चोमिनचा मेंढ्यांच्या धंद्यातला भागीदार. पुढे तिनं त्याच्याशीच लग्न केलं. भावाला शेवटचं ज्यानं पाहिलं, त्या माणसाजवळ राहावं असं तिला वाटलं होतं.

चोमिनच्या तंबूच्या जागेशी असलेल्या झाडावर एका उन्हाळ्यात काळ्या रेघा उठल्या. एक घर. धुराड्यातून धूर, गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला. लहानपणी चोमिन चुलीतल्या कोळशानं भिंतीवर अगदी असाच धूर काढायचा आणि आईचा मार खायचा. मिरेन हसली, सालीवरून हात फिरवला. अस्पेनची पांढरी भुकटी तळव्याला लागली.

मग तिचं हसू थांबलं. धुराडं डावीकडे कललेलं होतं. तिच्या घराचं कललंय तसंच. आणि ते घर पेयोनं बांधलं होतं चोमिन गेल्यानंतर.

पुढच्या उन्हाळ्यात चित्रातल्या खिडकीत एक पुरुष उमटला. घराबाहेर पाठमोरी बाई, तिचा हात धरून एक मूल.

"धुराडी सगळी सारखीच असतात," तिनं सांगितल्यावर पेयो म्हणाला. पण तिच्याकडे न बघता म्हणाला. पुढच्या शनिवारी ती वर गेली तेव्हा झाडाच्या जागी ताजा खुंट होता.

अस्पेन तोडलं की मरत नाही. मुळातून धुमारे फुटतात. वर्षभरात खुंटाभोवती रोपं उभी राहिली, मनगटाएवढीही जाड नाहीत. आणि प्रत्येकावर ते घर होतं. काळंभोर. प्रत्येकावर ती बाई घरापासून थोडी आणखी लांब गेलेली.

गानिशनं टोपी काढली. "कोवळ्या सालीवर काळं धरत नाही, पोरी. कधीच नाही."

"काका, चोमिनला ताप होता?"

गानिश खुंटावर बसला.

"पाय मोडला होता त्याचा. खेचरं दोन होती. दोन्हींवर सामान लादून पेयो एकटाच खाली उतरला. कोकरं न्यायला आगगाडी थांबली होती ना, भाव चांगला होता. खानावळीत मीच विचारलं, चोमिन कुठंय? म्हणाला, मेंढ्या बघायला थांबलाय. येईल." गानिशनं टोपी पुन्हा डोक्यावर ओढली. "बर्फ नंतर पडला. बर्फाच्या आधी परत जायला भरपूर वेळ होता. मी सूप पीत होतो, मिरेन. मी सूप पीत राहिलो."

घरी येऊन ती पेयोला एवढंच म्हणाली, "रोपांवरही आलंय."

पेयो स्वतः जाऊन बघून आला. त्यानंतर तो धुराड्याकडे बघत अंगणात उभा राहायला लागला. ऑक्टोबरात एका सकाळी त्यानं शिडी लावली.

"काय करतोयस?"

"सरळ करतो हे मेलं. एकदाचं सरळ करतो."

शिडी घसरली. हाड मोडल्याचा आवाज मिरेनला स्वयंपाकघरात ऐकू आला. तिनं त्याला ओढत आत आणलं, खिडकीशी खाट सरकवली, पाणी ठेवलं, अंगावर दोन घोंगड्या टाकल्या.

"डॉक्टरला घेऊन ये," तो दात आवळून म्हणाला. "लगेच ये. आभाळ बघ कसं झालंय."

"आलेच."

ती खरंच तसंच म्हणाली आणि तिच्या मनातही तेच होतं. नेकानेचा हात धरून ती ट्रककडे चालू लागली. अर्ध्या अंगणात तिला कळलं, आपण पाठमोऱ्या आहोत. मागे खिडकीत तो आहे. तिनं वळून पाहिलं नाही.

खाणींच्या गावात पोचली तेव्हा दुपार होती. खानावळीत कढत सुपाचा वास होता. कोपऱ्यातल्या टेबलावर डॉक्टर जेवत होते. त्यांची बॅग पायाशी होती. मिरेन त्यांच्याच दिशेनं निघाली.

"ये, ये," वाटेतल्या बाकावरून गानिश म्हणाला. "आणि पेयो कुठंय?"

तिनं तोंड उघडलं.

"घर बघायला थांबलाय. येईल."

गानिशचा चमचा हवेतच राहिला. तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच बाकावर सरकला आणि तिला जागा करून दिली.

ती बसली.

बाहेर बर्फ सुरू झाला होता. घराकडे जाणारा घाट दिसेनासा झाला. डॉक्टर जेवण आटोपून तिच्याजवळ थांबले. "सगळं ठीक ना, बाई?"

"हो," मिरेन म्हणाली.

ते बॅग घेऊन निघून गेले.

तिनं नेकानेसाठी पाव मोडला. ऑगस्टपासून ती बनाकडे फिरकली नव्हती. तरी पावावर तिच्या बोटांचे ठसे उठले होते, पांढऱ्या भुकटीचे. नेकानेनं पाव घेतला, सुपात बुडवला आणि खाल्ला.