खरवडलेली कॅथरीन

अंधेरी पूर्वेला लोखंडी शटरांच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, मी जुनी चित्रं दुरुस्त करते. खाली भीमराजची मसाल्याची चक्की. खिडकी उघडली की वार्निशच्या वासात मिरची मिसळते आणि येणारं गिऱ्हाईक शिंकायला लागतं. मला ते बरं वाटतं, गिऱ्हाईक फार वेळ बसत नाही.

जुहूचे अनिरुद्धशेठ मात्र बसले. परदेशात घेतलेलं एक चित्र त्यांनी टेबलावर ठेवलं. सोळाव्या शतकातलं, लाकडी फळीवरचं. संत कॅथरीन, विद्वानांची कैवारी, मांडीवर उघडं पुस्तक. पुस्तकाचं पान असं रंगवलेलं की बोट लावून उलटावंसं वाटावं. चेहऱ्याच्या जागी नुसतं खरवडलेलं लाकूड.

"उंदरांनी खाल्लं काय गं?" शेठ गेल्यावर माझी धाकटी बहीण निधी म्हणाली.

"माणसांनी. प्रोटेस्टंट सुधारकांनी. चित्रापुढे गुडघे टेकणं म्हणजे मूर्तिपूजा, म्हणून चर्चमध्ये घुसून तोंडं खरवडायचे."

"आणि कॅथलिक गप्प बसले?"

"त्यांनी चित्रं ठेवली, पण स्वतःलाही शिस्त लावून घेतली. संताला जिवंत बाईचा चेहरा द्यायचा नाही, म्हणाले. एवढ्यापुरतं दोघांचं एकमत, एरवी एकमेकांचे गळे धरायचे."

आमच्या धंद्याचा नियम साधा आहे. जे गेलं ते गेलं, तिथे शांत रंग भरून सोडून द्यायचं. शेठना चेहरा हवा होता. "बिनतोंडाची बाई दिवाणखान्यात टांगू? जमत नसेल तर सांगा, दुसरीकडे देतो." माझं डोकं फिरलं. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याची मी मुलगी, आणि मला जमत नाही?

मी निधीला समोर बसवलं. ती मालिकांत किरकोळ कामं करायची, नुकतीच पहिली मुख्य भूमिका मिळाली होती. तिचं पोट चेहऱ्यावरच चालायचं.

"नीट काढ हां, फुकट बसलेय."

डोळे मी बाबांसारखे शेवटी आखले. बुबुळ भरलं तशी निधी खुर्चीतून उठली.

"ताई, ही बघतेय माझ्याकडे, यार."

मला अभिमान वाटला. काय सांगू, फार वाटला.

दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर चेहरा खरवडलेला. कुलूप शाबूत. टेबलावर रंगाचा भुगा, लाकडावर नव्या आडव्या रेघा. मी घाबरले, आणि घाबरले की मी भांडते. दुसरी किल्ली भीमराजकडे असते, म्हणून त्याच्यावर तुटून पडले.

"माझ्यावर कशाला खेकसता, सुगंधाताई? सकाळी वर घासल्याचा आवाज आला तेव्हा मी तुम्हालाच हाक मारली. तुम्ही ओ दिली नाहीत."

सकाळी मी घरी होते.

हट्टाने मी त्याच दिवशी निधीचाच चेहरा पुन्हा रंगवला. दुसऱ्या सकाळी पाहते तर या वेळी अर्धाच गेलेला. डावा गाल, डावा डोळा. रेघा मात्र जास्त खोल होत्या, राग काढल्यासारख्या.

मी त्या बघत असतानाच निधीचा फोन आला.

"स्टुडिओच्या गेटवर वॉचमन सोडत नाहीये. म्हणतो, कार्डावरची बाई वेगळी आहे. मेकअपदादा बाहेर आला, तर तोही मला अहोजाहो करतोय. काय केलंस तू?"

"मी काही..."

"माझं तोंड काढ तिच्यावरून. आत्ताच्या आत्ता!"

उरलेला अर्धा चेहरा त्या खरवडणाऱ्याच्या तावडीत कसा ठेवायचा? मी कापसाचा बोळा द्रावणात बुडवला. हलक्या हाताने गाल पुसला.

ओठ पुसले.

शेवटी डोळा. तो जाईपर्यंत माझ्याकडे बघत होता.

लाकूड स्वच्छ झालं. मी खुर्चीत बसून राहिले. बऱ्याच वेळाने दारावर थाप पडली.

"ताई, उघड ना."

निधीचाच आवाज. मी धावत जाऊन दार उघडलं.

दारात एक मुलगी उभी होती. कुर्ता निधीचा, पिवळा. रडून रडून डोळे सुजलेले.

"सुटले ना मी?" तिने विचारलं.

मी तिच्या खांद्यावरून जिन्यात पाहत राहिले, निधी मागून वर येतेय का ते.