पावणेबारा इंच

तो पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, हॉलचा पंखा दुरुस्त करायला आलाय. म्हणून मी त्याला स्टूल दिलं. त्याने थँक्यू म्हणून त्यावर बैठक मारली, हेल्मेट काढलं आणि डोक्यावरचा अंबाडा सोडला.

बाहेर ऑगस्टची भुरभुर. आत अचानक एवढे केस.

"मॅडम, केस द्यायचे हायत."

"हा महिला क्लब आहे," मी म्हटलं.

"केसांना कुठं ठाव हाय?"

यावर क्लबच्या घटनेत काहीच लिहिलेलं नव्हतं.

आमचा क्लब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तलावाजवळच्या हॉलात केस गोळा करतो. केमोमुळे केस गेलेल्या बायकांना त्यांचे विग करून देतो. अध्यक्ष मनिषाआत्या, माझी सख्खी आत्या. पुढे येईल त्या कागदावर ती न वाचता सही करते आणि शिक्का मारते. एकदा वाणसामानाच्या यादीवर मारला. त्या महिन्याची साखर मंजूर झाली. युवा शाखा म्हणजे मी, रेवा, वय चोवीस. शाखेत एकटीच असल्यामुळे बहुमत कायम माझ्या बाजूने असतं.

नियम एकच : मानेशी रबर बांधायचं, तिथून टोकापर्यंत बारा इंच भरले तरच कापायचं.

मी रबर बांधलं. केसांना शिकेकाईचा वास होता, आणि त्यामागे कसलातरी... लोखंडी वास. टेप लावली.

"अकरा. दोन महिन्यांनी या. केस महिन्याला अर्धा इंच वाढतात."

"मधी नाय आलो तर चालंल?"

"चालेल," मी म्हटलं. आणि का कोण जाणे, पुढे जोडलं, "पण... आलेलं बरं. नोंद राहते."

असली कुठलीही नोंद क्लब ठेवत नव्हता.

त्याचं नाव निकेश. गाव नेऱ्याच्या बाजूला. "काय करता?" विचारलं तर म्हणाला, "तळोज्याला कंपनीत. क्वालिटीत हाय." मला वाटलं, बढाई मारतोय.

सप्टेंबरात साडेअकरा भरले. मी विचारलं, "केस वाढवलेत का पण?"

"न्हाव्याशी अबोला हाय."

"खरं सांगा."

"हेल्मेट सैल व्हत होतं."

ऑक्टोबरात कारण होतं, गावच्या नाटकातला राजा. नाटक रद्द झालं, राजा राहिला. मी हसले. तो हसला नाही, फक्त आरशातून एकदा बघितलं... आणि मी रबर बांधायला घेतलं.

बारा झाले होते. डोळ्यांना दिसत होतं. आता आत्या कात्री आणणार, तो केस देणार, हेल्मेट घालणार आणि जाणार. मग खरं कारण मला कधीच कळणार नाही. मी हे निव्वळ चौकसपणापोटी केलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं : रबर बोटभर खाली बांधलं.

"साडेअकराच," मी म्हटलं. "ताण घेता का तुम्ही?"

"रविवारचा नाय घेत," तो म्हणाला.

नोव्हेंबरात साडेअकरा आणि वर एक सूत. डिसेंबरात पावणेबारा. रबर इतकं खाली उतरलं होतं की आणखी थोडं गेलं असतं तर स्टुलाला बांधावं लागलं असतं. तो मात्र दर वेळी शांतपणे ऐकायचा, "बरं, म्हंजे पुढच्या महिन्याच्या रविवारी," म्हणायचा आणि जायचा. जाताना दारात थांबून हेल्मेटचा पट्टा लावायला त्याला चार मिनिटं लागायची. मी मोजली होती. मोजायची सवयच लागली होती.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी क्लबने विग-निधीसाठी हॉलच्या अंगणात पोपटी केली. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, बटाटे. अंडी घालायची की नाही यावर तीन सभा झाल्या. पोपटी खरं तर रात्रीची, पण मनिषाआत्या नऊला झोपते म्हणून सगळ्या पनवेलने ती दुपारी बाराला खाल्ली.

तिथे मिखालबाई आल्या. शाळेत गाणं शिकवतात. डोक्याला निळा स्कार्फ, हातात शेंगांची पत्रावळ.

"तुमच्या विगला सहा शेपटे लागतात," आत्या त्यांना सांगत होती. "पाच आलेत. शेपट्यांची पेटी आज विगवाल्याकडे गेली तर विग मार्चला मिळेल."

"मार्चला लेकीचं लग्न आहे," मिखालबाई म्हणाल्या. "पण घाई नको हं. नाहीच झालं तर स्कार्फ आहेच. मॅचिंग घेऊ."

मी हातातली शेंग परत पत्रावळीत ठेवली. तेवढ्यात निकेश स्टुलावर येऊन बसला. त्याने अंबाडा सोडला.

मी केस हातात घेतले. रबर मानेशी बांधलं, जिथे बांधायचं तिथेच. टेप लावली.

"साडेतेरा," मी म्हटलं. मोठ्याने.

"गेल्या महिन्यात पावणेबारा होते ना गं?" आत्या ओरडली.

मी खरं सांगायला तोंड उघडलं... पण तोवर चौदा बायकांनी निकेशला घेरलं होतं.

"कुठलं तेल लावता हो?"

"खोबरेल," तो गंभीरपणे म्हणाला. "आनि थोडं कंपनीतल्या मशीनचं कूलंट उडतं."

पाच मिनिटांत कूलंटच्या अकरा बाटल्यांची मागणी नोंदली गेली.

गर्दीतून वाट काढत आत्याने कात्री चालवली. शेपटा माझ्या हातात आला, उबदार आणि जड. निकेश वळला. त्याला कान होते! सहा महिन्यांत ही माहिती मला कुणीच दिली नव्हती.

"आता तरी सांगा," मी म्हटलं. "का वाढवले होते?"

त्याने मिखालबाईंकडे बघितलं.

"दोन वर्सामागं माझ्या आयला तुमच्याकडूनच विग मिळाला. शकू नाव तिचं. तो घालून ती बहिनीच्या हळदीत नाचली. आता तिचे सोताचे आलेत, काय नाय झालं. पन मी इचारलं, हे केस कोनाचे? कोनाला ठावच नाय. म्हंजे परत कोनाला द्यायचे? म्हनून मग..." त्याने मोकळ्या मानेवरून हात फिरवला. "हितंच दिले."

मी शेपटा पेटीत ठेवला. मग म्हटलं, "मी तुम्हाला फसवलं. ऑक्टोबरातच बारा झाले होते."

"ठाव हाय."

"काय?"

"बोललो व्हतो ना, क्वालिटीत हाय. पाइपाची मापं तपासतो. केसाएवढा फरक पकडतो."

"मग बोलला का नाहीत?"

"ऑक्टोबरात घाई नव्हती, पेटीत दोनच शेपटे व्हते. मी दर वेळी बघायचो. आज पाच दिसले, म्हनून आज तुमी कितीबी म्हनल्या असत्या तरी कापूनच जानार व्हतो."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. कंपनीचा तपासणी तक्ता. महिना. सांगितलेलं माप. खरं माप. फरक. डिसेंबरापर्यंत सगळं नीट भरलेलं, बारीक अक्षरात. तीन रकाने कोरे : कारण, उपाय, मंजुरी.

"कारन मोजनाऱ्यानं लिहायचं असतं," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा हलला. "मी तीन म्हयने इचार करतोय, काय असंल."

त्याने पेन पुढे केलं. मी लिहिलं : "मोजणारीला मोजणं संपवायचं नव्हतं."

त्याने वाचलं. त्याचे ते नवे कान हळूहळू लाल झाले. मग त्याने 'उपाय'खाली लिहिलं : "केस नसताना पण भेटणे. पुढचा रविवार, कर्नाळा, सकाळी ७, पक्षी बघणे."

"पक्षी ओळखता येतात तुम्हाला?"

"नाय. मोजता येतात."

तेवढ्यात एक हात मधे आला. मनिषाआत्या. कोरी मंजुरी दिसली की तिला राहवत नाही. मी कागद ओढायला गेले, पण तिने तो आधीच धरला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा शिक्का मारण्याआधी तिने चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं. माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या कानांकडे.

"फरक सव्वा इंच," ती म्हणाली. "कारण पटतंय."

ठप्प.

मग पेन घेऊन तिने सातचे आठ केले आणि बाजूला छोटी सही केली.

"सातला ही उठत नाही," ती निकेशला म्हणाली.